मेनफ्रेमचे दार

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकाच्या परिसरात एके काळी जकात नाका होता. २०१३ च्या एप्रिलमध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेची जकात बंद होऊन तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. पुढे तोही गेला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. मालमोटारींची रांग गेली, पावत्या फाडणाऱ्या खिडक्या गेल्या, पण बोलण्यातून 'जकात नाका' गेलेला नाही. नाका म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. गाव कितीही मोठे असले तरी बाहेरच्या जगाशी त्याचा व्यवहार या अरुंद जागेतून होतो. तिथे कोण बसतो, नोंद कोणत्या भाषेत होते आणि ती वाचण्याचा अधिकार कोणाला असतो, यावर गावाचे बरेच काही ठरते.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र वेगळाच, आणि मराठीच्या अध्यापकाने हात घालावा असा वरकरणी मुळीच नसलेला आहे. मेनफ्रेम नावाच्या अवाढव्य संगणकावर लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली चालवताना त्याचा नेटवर्क इंटरफेस, म्हणजे बाहेरच्या जाळ्याशी जोडणारा नाका, कसा उभा करतात आणि त्या नाक्याचा इतिहास काय, हा तो विषय. त्याकडे मी वळलो तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला तो माझ्याकडे मराठी शिकला. आता तो तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळीला असतो आणि परदेशातील एका बँकेचे मेनफ्रेम सांभाळतो. मी सहज विचारले, "ते यंत्र दिसायला कसे असते?" तो हसला. म्हणाला, "सर, मी ते कधी पाहिलेलंच नाही. इथे कोणीच पाहिलेलं नाही. आम्हाला फक्त त्याचं दार माहीत आहे."

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. ज्या यंत्रावर माणूस दहा-बारा वर्षे पोट भरतो ते त्याने पाहिलेलेच नसावे, आणि तरी त्याच्या दाराची त्याला खडान्‌खडा माहिती असावी, हे काय प्रकरण आहे? ते समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

१

महाराष्ट्राचा मोठ्या संगणकांशी संबंध जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये चालू झाला. तो याच देशात घडवलेला होता. पण व्यापारी जगात संगणक आला तो आयबीएमच्या रूपाने. १९६१ मध्ये मुंबईत एस्सो या तेल कंपनीकडे आयबीएम १४०१ हा संगणक बसला आणि त्यानंतर गिरण्या, विमा, कारखाने अशा अनेक ठिकाणी त्या जातीची यंत्रे आली. ती बहुधा भाड्याने दिली जात. ज्याच्या कचेरीत यंत्र उभे, तो त्याचा मालक नसे. झाकण उघडायचे ते कंपनीच्या अभियंत्याने. या यंत्राला आजच्या अर्थाने दारही नव्हते. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा एका खिडकीतून आत द्यायचा आणि छापलेल्या कागदांचा भेंडोळा दुसऱ्या खिडकीतून घ्यायचा. काचेपलीकडच्या थंड खोलीत काय घडते, ते बाहेरच्याने विचारायचे नसे.

या खोलीविषयी कामगारांच्या मनात भीती होती आणि ती अनाठायी नव्हती. आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याला साठच्या दशकात कर्मचारी संघटनांनी कडवा विरोध केला. हा प्रश्न इतका पेटला की केंद्र सरकारला स्वयंचलनाविषयी समिती नेमावी लागली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर. नीळकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा गाजलेला अभ्यास सिद्ध करणारे हेच दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. गरिबी मोजणाऱ्या माणसाकडेच संगणक येऊ द्यावा की नाही हा प्रश्न सोपवला गेला, यात त्या काळाचा सगळा पेच दिसतो. यंत्र कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला जात होता. पुढे तो आपण विचारेनासे झालो.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने विदेशी कंपन्यांना आपला हिस्सा कमी करण्यास सांगितले. आयबीएमने ते मानले नाही आणि १९७८ मध्ये ती भारतातून निघून गेली. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. वर्षानुवर्षे जी झाकणे उघडण्याची मुभा नव्हती, ती आता इथल्याच अभियंत्यांना उघडावी लागली आणि त्यांनी ती उघडली. आपल्याकडच्या तंत्रज्ञानाच्या इतिहासात हा प्रसंग बहुधा एका ओळीत उरकला जातो. तो अधिक लक्ष देऊन वाचला पाहिजे, असे मला वाटते.

१९९० मध्ये पुण्यात सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आले, उपग्रहाचे दुवे आले आणि संबंध उलटा झाला. यंत्र तिकडेच राहिले, माणूस इकडे राहिला आणि दोघांच्या मध्ये तार आली. पूर्वी यंत्र आपल्या गावात होते आणि आपण त्याच्या बाहेर होतो. आता यंत्र गावातच नव्हते आणि आपण दिवसभर, किंबहुना रात्रभर, त्याच्या आत होतो. सन २००० च्या तारखांचा घोळ निस्तरण्याच्या काळात पुण्या-मुंबईतील हजारो तरुण कोबोल शिकले ते याच दाराने आत जाण्यासाठी.

२

आता थोडे त्या यंत्राच्या लिखाणाविषयी. संगणकाला दिलेल्या सूचना माणसाला वाचता येतील अशा स्वरूपात लिहिल्या जातात. त्याला मूळ संहिता म्हणू. तिचे यंत्राला कळेल अशा आकड्यांत रूपांतर केले की माणसाच्या दृष्टीने ती जवळजवळ अवाच्य होते. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम ३६० ही मालिका जाहीर केली. तेव्हापासून पुढे बराच काळ तिच्या प्रणालींची मूळ संहिता ग्राहकांना मिळत असे. ते ती वाचत, सुधारत, एकमेकांना दाखवत. 'शेअर' या नावाची वापरकर्त्यांची संघटना तर १९५५ पासून होती. म्हणजे मेनफ्रेमचे जग मुळात बंदिस्त होते ही समजूत पूर्णपणे खरी नाही. यंत्र भाड्याचे होते, पण पोथी वाचायला मिळत होती.

१९८३ च्या फेब्रुवारीत आयबीएमने धोरण बदलले. यापुढे फक्त यंत्रसंहिता मिळेल, मूळ संहिता नाही, असे जाहीर झाले. इंग्रजीतील आद्याक्षरांवरून हे धोरण 'ओसीओ' म्हणून ओळखले जाते. वापरकर्त्यांनी वर्षानुवर्षे त्याविरुद्ध तक्रार केली. ती मान्य झाली नाही. योगायोग असा की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. ज्या प्रणालीची संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली लिहिण्याचा तो संकल्प होता. एक पोथी बंद झाली त्याच वर्षी दुसरी उघडी पोथी लिहायला घेतली गेली. १९९१ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्सचे केंद्र लिहून तिला आवश्यक असलेला गाभा पुरवला.

मराठीच्या विद्यार्थ्याला इथे महानुभावांची आठवण होणे अपरिहार्य आहे. लीळाचरित्रासारखा ग्रंथ ज्या पंथाने जपला त्याने आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या. त्यामागे हव्यास नव्हता. पवित्र वाङ्मय जपण्याची निकड होती, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. पण परिणाम असा झाला की मराठी गद्याचा आरंभकाळ मराठी वाचकाला शतकानुशतके वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीची किल्ली उलगडली आणि वाङ्मयेतिहासाचा आरंभच मागे सरकला. ग्रंथ नष्ट झालेला नव्हता. तो मठात होता, बांधलेला होता, त्याची पूजाही होत होती. वाचता येत नव्हता, इतकेच. एखादी गोष्ट असणे आणि ती वाचता येणे यांतले अंतर आपल्या परंपरेने इतक्या जवळून पाहिलेले आहे.

३

लिनक्स मेनफ्रेमवर आणण्याचा पहिला खटाटोप आयबीएमच्या बाहेर झाला. लिनास वेप्स्टास यांनी १९९८ च्या सुमारास 'बिगफूट' नावाने तो आरंभला. जर्मनीतील ब्योब्लिंगेनच्या प्रयोगशाळेत आयबीएमच्या काही अभियंत्यांचेही काम स्वतंत्रपणे चालले होते. १८ डिसेंबर १९९९ रोजी आयबीएमने आपली संहिता प्रसिद्ध केली. ती आणि तिच्यावर उभी राहिलेली आरंभीची प्रणाली लोकांना मिळत असे ती न्यूयॉर्क राज्यातील मारिस्ट कॉलेजातून. एका महाविद्यालयाने हे काम अंगावर घेतले, याची नोंद अध्यापकांनी तरी घ्यायला हवी.

आयबीएमने हे औदार्यापोटी केले, असे समजण्याचे कारण नाही. मेनफ्रेमचे दिवस भरले असे त्या दशकात उघडपणे बोलले जात होते आणि नवे काम सगळे लहान यंत्रांवर जात होते. लिनक्समुळे जुन्या यंत्राला नवे आयुष्य मिळणार होते. २००० मध्ये डेव्हिड बॉइस यांनी एकाच मेनफ्रेमवर ४१,४०० लिनक्स एकाच वेळी उभे करून दाखवले, तेव्हा ते आयुष्य केवढे असू शकते हे कळले. २००१ या एका वर्षात लिनक्सवर १०० कोटी डॉलर खर्चण्याची घोषणा आयबीएमने केली ती हिशेब करूनच.

पण ४१,४०० काय किंवा एक काय, मेनफ्रेमवर लिनक्स उभे करणाऱ्यापुढे पहिली अडचण दाराचीच येते. घरच्या संगणकाला पडदा आणि कळफलक जोडलेले असतात. जाळे बंद असले तरी समोर बसून काम करता येते. मेनफ्रेमवरच्या लिनक्सला तसा पडदा मिळत नाही. मिळते ते एक जुन्या धर्तीचे कन्सोल. त्यावर एका वेळी एक ओळ लिहायची आणि खाली उत्तर छापून येते ते वाचायचे. कागदावर लिहिताना आपण वर जाऊन खाडाखोड करतो तशी सोय तिथे नाही, त्यामुळे पडदाभर मजकूर दाखवणारी नेहमीची संपादन-साधने त्यावर चालत नाहीत. म्हणून प्रणाली बसवतानाच सर्वांत आधी नेटवर्क उभे करावे लागते. ते उभे राहिले की प्रणाली सांगते, येथून पुढे जाळ्यातून या. मग आपण आपल्या टेबलावरून आत शिरतो आणि उरलेले घर बांधतो. आधी दार, मग घर.

शिवाय या उंबऱ्यावर भाषाही बदलते. मेनफ्रेमची वर्णसंकेत-पद्धती ईबीसीडिक नावाची. ती छिद्रांच्या कार्डांच्या वंशातली असल्यामुळे तिच्यात इंग्रजी वर्णमालाही सलग नाही. आय या अक्षरानंतर सात घरे सोडून जे येते. लिनक्स मात्र इतर जगाप्रमाणे आस्कीत बोलते. म्हणजे घरात एक भाषा आणि कन्सोलच्या उंबऱ्यावर दुसरी. मध्ये दुभाषा बसवूनच संवाद होतो.

४

आता दाराची रचना. ती माझ्या विद्यार्थ्याने मला कागदावर काढून दाखवली. मेनफ्रेमचा मुख्य प्रक्रियक बाहेरच्या उपकरणांशी स्वतः बोलत बसत नाही. त्यासाठी वाहिन्यांची वेगळी व्यवस्था असते आणि तिच्यावरील प्रत्येक उपकरणाला क्रमांक असतो. लिनक्सच्या २००३ नंतरच्या आवृत्त्यांत तो तीन भागांत लिहितात. उदाहरणार्थ, शून्य, शून्य आणि मग ०६००. पहिला भाग वाहिन्यांच्या व्यवस्थेचा, दुसरा तिच्यातील संचाचा, तिसरा प्रत्यक्ष उपकरणाचा. निगडी प्राधिकरणात राहणाऱ्याला हे नवे नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने आम्हाला आळी-पेठांची नावे दिली नाहीत. सेक्टर, योजना, भूखंड असा पत्ता दिला. २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित झाले, पत्ते तसेच आहेत.

जाळ्याला जोडणारे जे कार्ड मेनफ्रेममध्ये असते त्याला ओएसए म्हणतात. त्याच्या एका जोडणीसाठी एक क्रमांक पुरत नाही, तीन लागतात. एक वाचण्याचा, एक लिहिण्याचा, एक प्रत्यक्ष मालाचा. समजा ०६००, ०६०१ आणि ०६०२. पहिला सम असावा, दुसरा त्याच्या लगतचा. वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या क्रमांकांवरून फक्त निरोपांची देवघेव होते आणि सगळा माल तिसऱ्यावरून, स्मृतीतील रांगांमधून, जातो. जकात नाक्याची व्यवस्था आठवून पाहा. एका खिडकीत कागद घेत, दुसऱ्या खिडकीतून पावती देत आणि गाडी मात्र रस्त्यावरून पुढे जाई.

हे तीन क्रमांक आपल्या वाट्याला आलेले आहेत ना, हे प्रथम पाहायचे. मेनफ्रेमचे अनेक भाग पाडलेले असतात आणि कोणत्या भागाला कोणते उपकरण दिसावे हे आधीच लिहून ठेवलेले असते. मग तिघांची मोट बांधायची. ती बांधताना काही गुण ठरवायचे असतात. कार्डाला द्यायचे नाव हा त्यांपैकी एक. आरंभीच्या काळात हे नाव सक्तीचे होते, मोठ्या लिपीतच लागे, आणि एकच कार्ड वाटून घेणाऱ्या सर्व प्रणालींनी ते अक्षरशः सारखे लिहावे लागे. एका अक्षराचा फरक पडला तर जोडणी उभी राहत नसे. पाठभेद चालत नाही असे हे एक ठिकाण. दुसरा गुण असा, की कार्डाने निरोप कोणत्या पातळीवर वाटायचे. जुन्या पद्धतीत एका कार्डामागच्या साऱ्या लिनक्सांना बाहेरून एकच जाळेपत्ता असे. कार्ड पाकिटाच्या आतले नाव वाचून ते ज्याचे त्याला देई आणि बाहेरचे पाकीट काढून टाकी. त्यामुळे पाकिटावरचा मजकूर पाहणाऱ्या काही साधनांना काही दिसतच नसे. नंतर पाकिटासकट निरोप पोचवण्याची सोय झाली.

हे ठरले की मोट 'चालू' करायची. तिच्या नावाच्या फाइलीत १ हा आकडा लिहायचा, बस. मग इंटरफेसला नाव मिळते, आणि त्यानंतरचे सोपस्कार कोणत्याही संगणकासारखेच. आयपी पत्ता, मर्यादा ठरवणारा मुखवटा, बाहेर जाण्याचा मार्ग आणि नावांचा शोध लावणारा सेवक. नव्या आवृत्त्यांत हे सगळे एकदोन आज्ञांत होते. पण माझा विद्यार्थी म्हणाला ते खरे. आज्ञा एक असो की दहा, तीन क्रमांक कशासाठी हे ज्याला कळले नाही त्याला बिघाड कळत नाही.

इथवर सर्व सुरळीत वाटते. ग्रह पालटतो तो पुढे. डिसेंबर १९९९ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातील मेनफ्रेमची संहिता खुली झाली, पण या ओएसए कार्डाशी बोलणारा भाग, म्हणजे नेमके दार चालवणारी संहिता, आयबीएमने उघडली नाही. ती 'फक्त यंत्रसंहिता' या जुन्याच धोरणाने मिळत असे. घर सगळे वाचायला खुले आणि दार तेवढे सांकेतिक लिपीत. त्याचा जाच प्रत्यक्ष कामात होई. गाभ्याची आवृत्ती बदलली की तिच्याशी जुळणारा बंद तुकडा कंपनीकडून येईपर्यंत वाट पाहायची. तुम्ही गाभ्यात हवी ती सुधारणा करू शकत होता, ती कायद्याने तुमचीच होती, पण तुकडा जुळला नाही की दार लागत नसे आणि दाराशिवाय घराचा उपयोग नसे. त्यातही उपरोध असा की ओएसए या आद्याक्षरांतील पहिल्या दोन शब्दांचा अर्थ 'खुल्या प्रणाली' असा होतो.

पुढील तीन-चार वर्षांत हे भाग एकेक करून खुले झाले. २००३ च्या डिसेंबरमध्ये लिनक्सची २.६ ही आवृत्ती आली तेव्हा दाराची संहिता गाभ्यातच समाविष्ट होती. तिथे राजवाडे यांच्यासारख्या कोणा संशोधकाला किल्ली शोधावी लागली नाही. ज्यांच्याकडे किल्ली होती त्यांनीच ती ठेवून दिली. पण वापरकर्त्यांची गैरसोय आणि गाभ्याच्या सांभाळकर्त्यांची बंद तुकड्यांविषयीची नापसंती यांचा दाब नसता तर ती ठेवली गेली असती का, याविषयी मला शंका आहे.

५

या इतिहासाचा निगडीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध यमुनानगरच्या एका दोन खोल्यांच्या घरात आहे. माझा विद्यार्थी शिकाऊ होता तेव्हा मेनफ्रेमला हात लावायला मिळण्याची शक्यता नव्हती. त्याच्या वर्गात ते शिकवले जाई ते झेरॉक्स नोट्सवर. तेव्हा त्याला हर्क्युलिस या आज्ञावलीचा शोध लागला. रॉजर बोलर यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलेली ही आज्ञावली साध्या संगणकात मेनफ्रेमचे सोंग हुबेहूब वठवते. आयबीएमच्या नव्या प्रणाली या सोंगावर चालवायला परवाना मिळत नाही. लिनक्सला परवाना लागत नाही. त्याने डेबियनची मेनफ्रेमसाठीची एक जुनी आवृत्ती उतरवून घेतली आणि जुन्या बाजारातून घेतलेल्या संगणकावर ती बसवायला बसला.

"तीन रात्री दार उघडलं नाही, सर." घरच्या सोंगात ओएसए नव्हते; त्याहून जुनी, दोन वाहिन्या समोरासमोर जोडणारी पद्धत होती. तिला दोनच क्रमांक लागतात, वाचण्याचा आणि लिहिण्याचा. त्याने ते उलटे दिले होते. यंत्राचे ओठ त्याच्या ओठांपाशी आणि कान कानापाशी. चूक कळली ती पुस्तकातून नव्हे. त्याने त्या भागाची मूळ संहिता उघडली आणि ओळीओळीने वाचली. "कळत नव्हतं सगळं. पण 'रीड' आधी येतं, 'राइट' नंतर, एवढं दिसलं." क्रमांक सरळ केले. यंत्राने जाळ्यातून या असे म्हटले. पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्याला हेच विचारले गेले आणि त्याला ते आले.

मी जेव्हा हे ऐकले तेव्हा मला माझा एम. फिल.चा प्रबंध आठवला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही सारे प्रबंध टंकलेखकाकडून विकतच्या फॉन्टमध्ये उतरवून घेत असू. त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी चिन्हांच्या घरांत बसवलेली असत. युनिकोडमध्ये देवनागरीला जागा १९९१ पासून होती, पण आमच्यापर्यंत ती पोचलेली नव्हती. काही वर्षांनी मी ती तबकडी दुसऱ्या संगणकावर उघडली. पडद्यावर कंस, टक्के, डॉलर आणि उलटसुलट इंग्रजी अक्षरे यांचा सडा पडला. प्रबंध नाहीसा झालेला नव्हता. माझ्याच हातात होता आणि मला वाचता येत नव्हता. नंतर एका रूपांतरकाने तो परत आणला, पण रफार बहुतेक ठिकाणी गळाले आणि जोडाक्षरे फुटली. 'धर्म' शोधायचा तर 'धम' शोधावा लागतो.

म्हणून मला हा प्रश्न तंत्रज्ञांपुरता वाटत नाही. संहिता कोणाच्या मालकीची, हा आपल्या शास्त्रातला जुना प्रश्न आहे. पण मालकीइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आपण कमी विचारतो. ग्रंथ खुला आहे, पण त्याच्यापर्यंत नेणारे दार खुले आहे का? दार म्हणजे लिपी, फॉन्ट, ग्रंथालयाची सूची, ताडपत्रावरचे वळण, पाठ्यपुस्तकाचा परवाना. मेनफ्रेमवरील लिनक्सच्या पहिल्या वर्षांचा धडा असा की गाभा शंभर टक्के खुला असूनही एका लहानशा बंद तुकड्याने तो सबंध अडवून धरता येतो. अडवणूक करायची तर सगळे गाव ताब्यात घ्यावे लागत नाही, नाका पुरतो.

तथापि या गोष्टीचा शेवट गोड करण्याचा मोह टाळला पाहिजे. माझा विद्यार्थी दाराची संहिता आज वाचू शकतो, घरच्या सोंगावर बदलूही शकतो. कामावर मात्र त्याला एक ओळ बदलण्याची मुभा नाही. तिथे परवानगीचे कागद आहेत, वरिष्ठांच्या सह्या आहेत आणि यंत्र सातासमुद्रापलीकडे दुसऱ्याच्या मालकीचे आहे. वाचण्याचा हक्क मिळाला म्हणून यंत्र आपले होत नाही. १९६१ मध्ये एस्सोच्या खिडकीपाशी कार्डांचा गठ्ठा घेऊन उभ्या असलेल्या कारकुनापेक्षा तो कितीतरी पुढे आला आहे हे खरे. दांडेकर समितीपुढे जो प्रश्न होता तो सुटलेला नाही, हेही तितकेच खरे. फक्त पूर्वी तो मोर्चात विचारला जाई; आता रात्रपाळीच्या बसमध्ये कोणी कोणाला विचारत नाही.

आणखी एक उणीव आपल्या बाजूची आहे. या सगळ्या विषयावर मराठीत लिहिताना मला शब्द अडले. इंटरफेसला मी नाका म्हटले, कधी दार म्हटले. ते पुरेसे नाही हे मला कळते. पण जे काम हजारो मराठी माणसे तळवड्यात, हिंजवडीत, खराडीत रोज करतात, त्याविषयी मराठीत धड चार वाक्ये बोलता येऊ नयेत ही परिस्थिती केवळ पारिभाषिक शब्दांची नाही. आपण वाङ्मयाच्या लोकांनी त्या कामाकडे कधी पाहिलेच नाही. गिरणीवर लिहिले गेले, शेतीवर लिहिले गेले. न पाहिलेल्या यंत्राच्या दाराशी रात्र काढणाऱ्या माणसावर फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

त्या संध्याकाळी त्याने मला घरचे यंत्र लावून दाखवले. काळ्या पडद्यावर ओळी येत गेल्या. एका ठिकाणी यंत्र थांबले आणि वाचण्याचा क्रमांक मागू लागले. "सर, तुम्ही टाका," तो म्हणाला. मी टाकला. मग लिहिण्याचा क्रमांक मागितला, तोही टाकला. मराठीच्या अध्यापकाला यंत्राने आधी वाचणे आणि मग लिहिणे विचारावे, हा क्रम मला आवडला. थोड्या वेळाने जोडणी उभी राहिली. साडेआठला त्याची बस येणार होती. त्याने यंत्र बंद केले आणि डबा भरायला घेतला.